चौदा नंबरची बाजू

"आईंना आतली खोली चालेल ना?" बोटीच्या सहली विकणाऱ्या टायवाल्या एजंटानं विचारलं, आणि विचारलं ते तिला नाही, तिच्या मुलाला. "खिडकीचं काय घेऊन बसलात! या वयाची माणसं बोटीवर निम्मा वेळ पडूनच असतात." ती त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. हात लांब केला असता तर त्याचा टाय मुठीत आला असता, इतकी जवळ. टाय तिनं बसल्या बसल्या बघून ठेवलाच होता. गाठीखाली दोन बोटांवर एक धागा ओढला गेला होता आणि तिथलं कापड चुणलं होतं. असा टाय बांधून माणूस दिवसभर लोकांसमोर बसतो आणि त्याला पत्ता नसतो, याची तिला आधी गंमत वाटली होती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात नवं कपाट आल्यावर ते इथं ठेवू की तिथं, असं आपसात बोलावं, तसा तो तिच्याबद्दल बोलत होता. तरी तिनं आवाज चढवला नाही. नोकरीच्या एकतीस वर्षांत तिनं कधी आवाज चढवला नव्हता. तिथं खडूनं एक रेघ मारली की भागायचं. ती उठली, पर्स खांद्याला अडकवली आणि मुलाला म्हणाली, "चल रे. इथं नाही."

बाहेर फुटपाथवर मुलगा म्हणाला, "अगं, पूर्ण ऐकून तरी घ्यायचंस. आमच्या ऑफिसातले सगळे त्याच्याकडूनच जातात." "जाऊ देत की. मी नाही जाणार." "मग?" "मग काय? दुसरा शोधते. एजंट मी ठरवणार." त्यानं तिच्याकडे पाहिलं. तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त थांबला होता, लहान मूल बुटाची नाडी स्वतःच बांधीन म्हणून हटून बसलं की मोठी माणसं थांबतात तसा. "बरं, शोध. पण शनिवारपर्यंत हं आई. नंतर खोल्या उरत नाहीत. नाही जमलं तर मी ह्याच्याकडेच तुझं नि तुझ्या मैत्रिणीचं नाव देऊन टाकतो." नाही जमलं तर. तिथून बसथांब्यापर्यंत, बसमध्ये, घराच्या जिन्यावर, हे तीन शब्द दातात अडकलेल्या कणासारखे तिला टोचत राहिले.

नाही जमलं तर, असं तिला कारखान्यात कोण म्हणालं असतं? कापडाच्या त्या कारखान्यात ती तपासनीस होती. काचेचं उतरतं मेज, काचेखाली दिव्यांच्या नळ्या, आणि त्या उजेडावरून कापड वरून खाली सरकत जायचं, दिवसभर, न थांबता. मेजाच्या दोन टोकांना दोघी. डावी अर्धी बाजू एकीची, उजवी अर्धी दुसरीची. दोघींच्या पायाशी मेज थांबवायची एकेक कळ. दोष दिसला की कळ दाबायची, खडूनं रेघ मारायची, पुन्हा कळ दाबायची. तिचा नंबर चौदा आणि जोडीदारणीचा पंधरा, आणि तिथं कोणी कोणाला नावानं हाक मारत नसे. इतकं, की नवरा होता तोपर्यंत तोसुद्धा थट्टेनं "काय चौदा, आज किती ताके?" असं विचारायचा. चौदाला ते आवडायचं. नाव आईबापांनी ठेवलेलं, त्यात आपली कर्तबगारी कसली? नंबर मात्र तिनं मिळवला होता. एकदा विक्रीखात्याचे साहेब स्वतः खाली आले होते. माल तातडीनं जायचा होता आणि चौदानं अकरा ताके बाजूला काढून ठेवले होते, एकेक ताका म्हणजे शंभर मीटर कापड. साहेब म्हणाले, "एवढंसं तर आहे. कोणाला दिसणार?" ती म्हणाली, "मला दिसलं." बस, एवढंच. अकराच्या अकरा ताके परत गेले. दुपारच्या सुट्टीत बायका तिच्याकडे वळून वळून बघत होत्या आणि ती मान खाली घालून डबा खात होती. पण रोजचीच भाजी तिला त्या दिवशी सणाच्या जेवणासारखी लागली.

आणि आता सहा वर्षं घरी. घरी तिला कशाची उणीव नव्हती, हीच तर पंचाईत होती. सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा." मुलगा म्हणायचा, "तू कशाला दगदग करतेस, मी बघतो ना." त्यांनी तिच्यासाठी चपला आणल्या, गादी आणली, खोलीला रंग कोणता तेही ठरवलं, आणि सगळं चांगलंच ठरवलं. तक्रारीला जागाच नव्हती. मायेनं बसवून ठेवलेलं माणूस उठायचं तरी काय कारण सांगून? कधी घरात कोणी नसलं की ती आपल्याच पलंगाच्या चादरीवरून तळहात फिरवायची, कडेपासून कडेपर्यंत, सावकाश. बोटांना गाठ लागायची, जाड धागा लागायचा, आणि तिला हायसं वाटायचं. आहे. अजून आहे. पण चादरीचं सोपं असतं, चादर खोटं बोलत नाही. माणसं तपासायची वेळ आली तर ही नजर चालेल का, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. टायवाल्याकडून उठून आलेल्या दिवशी रात्री जेवताना मुलानं सहज विचारलं, "काय, लागला का पत्ता कोणाचा?" तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पोळी उगाच लहान लहान तुकड्यांत मोडत बसली.

बोटीची कल्पना मुळात पंधराची. दोन वर्षांपूर्वी पंधराच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, मोतीबिंदू निघाले, आणि तेव्हापासून बाईला जग कमी पडायला लागलं होतं. रस्त्यापलीकडच्या पाट्या ती मोठ्यानं वाचायची, समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टीका करायची, आणि एके दिवशी म्हणाली, "अगं चौदा, आपण समुद्र बघू या. काठावरून नाही, मधून." पंधरा उंच, मोठ्या आवाजाची, हसली तर शेजारच्या खोलीतलं मूल जागं व्हायचं. तिचा नवरा टीव्हीसमोरून हलायचा नाही, तेव्हा जायचं ते दोघींनीच. चौदानं फोन करून टायवाल्याची हकिकत सांगितली तेव्हा पंधरा म्हणाली, "बरं केलंस. मेला! एजंट तूच ठरव बाई. तुझी नजर. मी आपली तुझ्या मागून येते." मग नेहमीचं म्हणालीच, "तशी माझीही काही कमी नव्हती हं. एकतीस वर्षांत माझ्या बाजूनं एक धागा निसटला नाही." यावर चौदाचं उत्तर ठरलेलं होतं. "हो ना," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं पद्धत तीच धरली जी तिला येत होती. कापड सुलट बाजूनं सगळ्यांनाच छान दिसतं, ती नेहमी उलट बाजू आधी बघायची. म्हणून प्रत्येक एजंटाला विचारायचा प्रश्न एकच: या सहलीत खोट काय आहे? बुधवारी ती एकटीच एका मोठ्या दुकानात गेली. भिंतभर निळ्या पाण्याची चित्रं, चित्रांत पांढऱ्या दातांची जोडपी, आणि काउंटरमागे तशाच दातांचा माणूस. तिचा प्रश्न ऐकून तो खळखळून हसला. "खोट? मावशी, आमच्याकडे खोट मिळत नाही!" तिनं दुसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, "सगळं एकदम फर्स्ट क्लास. तुम्ही डोळे मिटून सही करा." तेवढ्यावर ती उठली. डोळे मिटून! गुरुवारी ती आणखी एकाकडे जाऊन आली. तो बिचारा भला होता, पण प्रत्येक प्रश्नाला "विचारून सांगतो" म्हणायचा, आणि ज्याला विचारायचं तो फोन उचलत नव्हता. घरी परतताना तिला शंका यायला लागली. आपण उगाच नाक वर करून हिंडतोय का? मुलाचे सगळे ऑफिसवाले जाऊन आले, मजेत आले. कदाचित खोट कापडात नाहीच, डोळ्यात आहे, इतकी वर्षं शोधून शोधून लागलेली सवय. शुक्रवारी सकाळी सून चहा देताना म्हणाली, "आई, उद्या शनिवार." म्हणाली ते प्रेमानंच.

शुक्रवारी दुपारी पंधराही बरोबर आली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाला लागून एक अरुंद दार होतं. त्यावरची पाटी पंधरानं रस्त्याच्या या बाजूनंच वाचली, फोन नंबरासकट. आत एकच खोली. एक टेबल, फायलींची मांडणी, पश्चिमेच्या खिडकीवर फिका पिवळा पडदा, आणि टेबलामागे पन्नाशीची एजंटबाई, चष्मा डोक्यावर सारलेला. तिनं दोघींना बसवलं आणि पहिला प्रश्न दोघींना विचारला, दोघींकडे बघून: "रात्री उठावं लागतं का? कितीदा?" पंधरा बिचकली. चौदाला मात्र एकदम मेजाचे दिवे लागल्यासारखं झालं. कामाचं माणूस. तिनं आपला प्रश्न विचारला.

"खोट?" बाईनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "पहिला दिवस पोटात ढवळतं, औषध घेतलं तरी. जेवायला रांग असते आणि रांगेत लोक पुढे घुसतात. आणि खिडकीच्या खोल्यांतली सगळ्यात स्वस्त जी आहे ना, ती इंजिनाच्या वर येते. खाट रात्रभर थरथरते. मी माझ्या आईला त्याच खोलीत पाठवलं होतं, परत आल्यावर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही." पंधरा खदखदून हसली. बाई हसली नाही. "आणि एक सांगते. बंदरावर फिरायला उतरलात आणि वेळेत परतला नाहीत, तर बोट थांबत नाही. मागच्या वर्षी माझं एक जोडपं मागं राहिलं. चूक माझी होती. वेळ मी सांगितली, पण कागदावर लिहून दिली नाही. आता लिहून देते." चौदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चूक माझी होती, हे ती बाई असं म्हणाली होती, जसं कोणी आपली उंची सांगावं. ना मान खाली, ना आवाज बारीक. हिच्याकडूनच, असं चौदाच्या मनानं त्याच क्षणी घेतलं, आणि आपली नजर माणसांनाही चालते या आनंदानं ती खुर्चीत जरा ताठ झाली.

तेवढ्यात ऊन खाली आलं आणि पडद्यातून आरपार झालं. "अगं चौदा!" पंधरा ओरडली. "बघ, बघ! उभा धागा गेलाय!" आणि खरंच, पडद्याच्या खालच्या अंगाला वीतभर उजेडाची बारीक चीर उभी होती. चौदाला ती आधी दिसली नव्हती. एवढ्या वेळात नाही. पंधरा कोणाला न विचारता उठून खिडकीशी गेलीसुद्धा. "तो होय," एजंटबाई म्हणाली, "मला माहीत आहे. पण बिचारा सात-आठ वर्षं ऊन अडवतोय, कशाला बदलू?" पंधराचं लक्षच नव्हतं. तिनं पडद्याची खालची पट्टी उलटी केली आणि दुमडीतलं कापड बोटांनी उकललं. "शिक्का! आपला शिक्का आहे गं!" शिंप्यानं ताक्याचं टोक कापून न टाकता आत दुमडून शिवलं होतं, आणि तिथं फिकट निळ्या शाईत चौदा-पंधरा, पुढं सालाचे दोन आकडे. पास केलेल्या प्रत्येक ताक्यावर दोघींनी आयुष्यभर मारलेला शिक्का, या परक्या खोलीत. क्षणभर दोघी लेक माहेरी यावी तशा हरखल्या. मग पंधरानं शिक्क्यापासून चिरेपर्यंत वीत टाकली. शिक्का नेहमी डाव्या काठाला मारायचा, हे तिला काय सांगायला हवं होतं? ती सावकाश वळली आणि तिचा चेहरा फुलत फुलत गेला. "डावी बाजू! अगं, म्हणजे तुझी! तुझ्या बाजूनं गेला!" आणि तिनं टाळी वाजवली. "एकतीस वर्षं मी जीव मुठीत धरून बसले, की चुकले तर मीच चुकेन. आणि निघालीस तू!"

अंधारात जिन्याला आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पाय आदळावा, तसं चौदाला झालं. तिची बाजू. तिचा ताका. चष्मा लावून ती पुढं झाली, दुमड हातात घेतली. शंका नव्हती. मग तिनं सालाचे आकडे वाचले, आणि पुन्हा वाचले. त्या वर्षी, हो, त्याच वर्षी, एका सकाळी मसुराएवढं भोक पंधराच्या बाजूवरून सरकत खाली गेलं होतं आणि पंधरा त्याच्याकडे सरळ बघत होती. बघत होती आणि तिला ते दिसत नव्हतं. "दिवे बदलायला हवेत, उजेडच मेलाय," असं ती रोज म्हणायची. डोळ्यांच्या तपासणीच्या आधी ती सुट्टीत कोपऱ्यात बसून तक्त्यावरची अक्षरं पुटपुटत पाठ करताना चौदानं ऐकलं होतं. पंधराच्या नवऱ्याचं काम तेव्हा बंद पडलेलं, घरात तीन मुलं. तपासनिसाचे डोळे गेले म्हणजे तपासनीस गेली. चौदा कोणाला काही बोलली नाही, पंधरालाही नाही. तिनं फक्त आपलं स्टूल हातभर उजवीकडे सरकवलं. तिथून मान वळवली की कापड पूर्ण दिसायचं, या काठापासून त्या काठापर्यंत. पंधराच्या बाजूला काही दिसलं की ती पायाखालची कळ दाबायची. मेज थांबायचं. "का गं थांबवलंस?" "पाय पडला चुकून." आणि थांबलेल्या कापडावर पंधरा बोटं फिरवायची, बोटांना सापडायचं, मग स्वतःच्या हातानं रेघ मारून म्हणायची, "बघ! बरं झालं तुझा पाय पडला ते." चार वर्षं, नोकरी संपेपर्यंत. रोज आठ तास मान वळवलेली. मानेचं दुखणं लागलं तेव्हा डॉक्टरला तिनं उशीचं कारण सांगितलं. चौदा-पंधराच्या मेजावरचा एकही ताका त्या चार वर्षांत परत आला नाही. आणि त्यांतल्या कुठल्याशा दुपारी, पलीकडची बाजू बघता बघता, तिच्या स्वतःच्या बाजूवरून एक धागा वीतभर निसटला आणि निघून गेला.

"त्या वर्षी तर मी डोळ्यात तेल घालून बसायचे," पंधरा एजंटबाईला सांगत होती. तिचे डोळे स्वच्छ धुतल्यासारखे चमकत होते. "आणि ही आमची मोठी तपासनीस! मग आता एजंट मीच ठरवणार बाई. तुझ्या नजरेचा काय भरवसा?" म्हणाली थट्टेनं, पण सगळं थट्टेनं नाही. आज घरी हे कळणार, हे चौदाला दिसत होतं. पंधरा फोनवर सुनेला सांगणार, सून मुलाला, आणि मुलगा हसून म्हणणार, बघ आई, म्हणून म्हणत होतो, मी बघतो. एक वाक्य पुरे होतं. मी तुझी बाजू बघत होते. जिभेच्या टोकावर आलेलं, खरं, सरळ वाक्य. ते बोललं की तिची एकतीस वर्षं पुन्हा बिनडागी झाली असती, आणि समोरच्या त्या उंच बाईच्या एकतीस वर्षांतली चार फाटून गेली असती.

"हो," चौदा म्हणाली. "माझीच बाजू. चूक माझी." तिचा आवाज तिला ऐकू आला. तो बारीक झालेला नव्हता. तिनं दुमड नीट खाली सोडली, पडदा सारखा केला आणि खुर्चीत येऊन बसली. "आणि एजंटही मीच ठरवणार. ठरवला. ह्याच बाई. खोली खिडकीची, इंजिनापासून लांब, आणि बंदरावरच्या वेळा कागदावर लिहून." "अगं, पण तुझी नजर..." पंधरा म्हणाली. "माझी नजर मला माहीत आहे. बस खाली." पंधरा बसली. इतक्या वर्षांत ती चौदाच्या या आवाजाला उलटून बोलली नव्हती, आत्ताही बोलली नाही. एजंटबाईनं फॉर्म पुढं केला आणि चौदाकडे एकदा नीट, जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला काय कळलं असेल ते असो, तिनं विचारलं मात्र नाही. मग चौदानं मुलाला फोन लावला. "ठरलं. तू त्या टायवाल्याला नाही म्हणून सांग." "अगं, नक्की ना? नीट बघितलंस ना सगळं?" "बघितलं," ती म्हणाली.

बाहेर पडल्या तोवर पंधराला पुन्हा कंठ फुटला होता. सात दिवस बोटीवर जो भेटेल त्याला ती हे सांगणार, डेकवर, जेवणाच्या रांगेत, तिथल्या डॉक्टरलासुद्धा: ही माझी मैत्रीण, हिच्या हातून एक ताका सुटला, माझ्या हातून एकही नाही. चौदाला ते आत्ताच ऐकू येत होतं. सांगू दे. रस्ता ओलांडताना पंधरानं तिचा दंड धरला, आता मी बघते गं तुझ्याकडे, अशा थाटात, आणि चौदानं तो धरू दिला. मान मात्र तिनं ताठ ठेवली. हजारो ताके तिच्या नजरेखालून बिनचूक गेले होते आणि त्यांचा तिला अभिमान होताच. पण या वीतभर चुकीचा जेवढा वाटला, तेवढा त्यांतल्या एकाचाही तिला कधी वाटला नव्हता.